शब्दचर्चा : ‘वर्किंग पेशंट’ला मराठीत काय म्हणावं?

टाचणी : नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी लेख मराठीत आणते आहे. विषय इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या वेकफिल्डचं वेड्यांचं इस्पितळ, काळ व्हिक्टोरिया राणीचा. उपशीर्षकातच अडकून बसले आहे : वर्किंग पेशंट्सना होणारे मेंदूचे जीवघेणे आजार. ‘मेंदूचे जीवघेणे आजार’ जमलं. ‘वर्किंग पेशंट्स’ काही केल्या जमत नाही. शिवाय लेखात पानोपानी ‘जनरल पॅरालिसिस ऑफ द इन्सेन’ येतं, म्हणजे वेडाबरोबर हळूहळू सगळं अंग लुळं पाडणारा आजार. त्याचंही काहीतरी करायला हवं. सुचवा.

जुनाबाजार : कामगार रुग्ण. सोपं आहे की.

टाचणी : तोच पहिला लिहिला होता. पण ‘कामगार’ आणि ‘रुग्ण’ शेजारी आले की डोळ्यांसमोर कामगार विमा योजनेचा दवाखाना उभा राहतो, हातात कार्ड घेतलेली रांग वगैरे. इथलं ‘वर्किंग’ वेगळं आहे. ही माणसं इस्पितळाच्या आत काम करायची. पुरुष शेतावर, बागेत, चांभारकामात, शिंपीकामात, सुतारकामात. बायका धुलाईला, शिवणाला, स्वयंपाकघरात. वॉर्डातले रुग्ण मोजताना ‘काम करणारे किती, न करणारे किती’ हा हिशेब ठेवत. अशा बऱ्याच इस्पितळांत काम करणाऱ्यांना जास्तीची बिअर मिळायची, तंबाखूही. म्हणजे ‘वर्किंग’ हा वर्ग नाही, हजेरीपटावरचा रकाना आहे.

गोदाकाठ : पण टाचणीताई, वर्गही आहेच ना त्यात. या इस्पितळाच्या नावातच ‘पॉपर’ होतं, वेस्ट रायडिंग पॉपर ल्युनॅटिक असायलम. तिथे जमीनदाराचा मुलगा थोडाच जायचा? त्याच्यासाठी खासगी घरं होती. आणि ‘पॉपर’चं ‘भिकारी’ करू नका एवढीच विनंती. मी एका जुन्या भाषांतरात ‘भिकारी वेडे’ असं वाचलंय, अंगावर काटा आला होता. पॉपर म्हणजे ज्याचा खर्च गरीब-कायद्याखाली करदात्यांच्या पैशातून भागवला जातो तो. कालपर्यंत मागावर बसणारा विणकर, खाणीत उतरणारा माणूस आजारी पडला, घरच्यांना परवडेना, की तो पॉपर. आपल्याकडे याला चपखल सरकारी शब्द आहे, ‘निराधार’. संजय गांधी निराधार योजनेतला.

टाचणी : ‘निराधार’ उचलला. आभार.

सुपारी : एक भाबडा प्रश्न. वेड्यांच्या इस्पितळात मेंदूच्या आजाराने माणसं मरायची कशी? वेडाने कोणी मरतं का? की हा मेंदूज्वर होता?

टाचणी : प्रश्न भाबडा नाही, सगळा लेखच त्यावर आहे. मेंदूज्वर नाही हो. आपल्याकडे मेंदूज्वर म्हटलं की ताप, झटके आणि दोन-चार दिवसांत सगळं उरकणं. हा आजार वर्षं खायचा. अपस्माराचे रुग्णही तिथे खूप होते, एकामागून एक आकड्या येऊन ते दगावत. पण एकोणिसाव्या शतकातल्या वेड्यांच्या इस्पितळाचा खरा कर्दनकाळ म्हणजे हा जनरल पॅरालिसिस.

लेखातून मला कळलेलं चित्र असं. तिशी-चाळिशीतला पुरुष. बायकांना व्हायचा, पण कमी. आधी घरच्यांना वाटतं, याला झालंय काय? काटकसरी माणूस अचानक उधळपट्टी करतो. मग सांगायला लागतो, माझ्याकडे लाखो पौंड आहेत, हजार घोडे आहेत, मी ड्यूक आहे. अंगावर इस्पितळाचा सदरा, आणि हा शेजारच्या खाटेवरच्याला जहागीर देतोय. मग जीभ थरथरते, ओठ थरथरतात, शब्द अडखळतात. चाल बिघडते. डोळ्यांतल्या दोन बाहुल्या सारख्या आकाराच्या राहत नाहीत. आकड्या येतात, प्रत्येक आकडीनंतर माणूस एक पायरी खाली. शेवटी अंथरुणाला खिळतो, गिळता येत नाही, पाठीला जखमा होतात. साधारण तीनेक वर्षांत संपतो. दाखल झालेला परत घरी गेला असं क्वचितच.

रात्रपाळी : जिभेवरून आठवलं. मी परिचारिका आहे. बोलणं अडखळतंय का हे बघायला इंग्रज डॉक्टर ‘ब्रिटिश कॉन्स्टिट्यूशन’ म्हणायला लावत, असं आम्हाला शिकवलं होतं. आमच्या वॉर्डात एक सिस्टर ‘चटईला टाचणी टोचली’ म्हणायला लावायच्या. (टाचणीताई, तुमच्यावर रोख नाही.)

आता शब्दाबद्दल. ‘पक्षाघात’ लिहू नका. पक्ष म्हणजे बाजू, एक बाजू लुळी पडणं. ‘अर्धांगवायू’ त्याच कारणाने बाद. ‘लकवा’ लोकांच्या तोंडी आहे, पण लकवा ‘मारतो’, एका रात्रीत तोंड वाकडं होतं. हा तर हळूहळू सगळ्या अंगात पसरणारा. खरं तर आमच्याकडे नातेवाईक यातलं काहीच म्हणत नाहीत, सरळ ‘पॅरालिसिसचा अटॅक आला’ म्हणतात.

गोदाकाठ : आयुर्वेदात जोडी तयार आहे, एकांगवात आणि सर्वांगवात. ‘सर्वांगवात’ घ्या. ‘जनरल’चा अर्थ बरोबर उतरतो.

जुनाबाजार : ‘वेड्यांचा सर्वांगवात’? हे एखाद्या काढ्याच्या बाटलीवरचं वाटतंय.

टाचणी : हसू मलाही आलं. शिवाय ‘वात’ म्हटलं की कारणही सांगून टाकल्यासारखं होतं. आणि ‘वेडा’ हा शब्द मराठीत फार लाडावलेला. क्रिकेटचं वेड, गाण्याचं वेड, ‘वेडाबाई कुठली!’ दुसरीकडे ‘मनोरुग्ण’ लिहावं तर तो आजच्या पाटीवरचा शब्द. ठाण्याच्या इस्पितळाची आजची पाटी ‘प्रादेशिक मनोरुग्णालय’, पण १९०१ साली ते सुरू झालं तेव्हा लोक त्याला वेड्यांचं इस्पितळच म्हणत. म्हातारी माणसं अजून म्हणतात.

सुपारी : आमच्या घरी तर नुसतं ‘ठाण्याला नेऊन सोडा याला’ म्हणायचे. पुण्यात ‘येरवडा’. माझी ठाण्याची मावशी यावर फार चिडायची.

गोदाकाठ : इंग्रजांनीही तेच केलंय. लंडनचं बेथलेम इस्पितळ, लोकांच्या तोंडी झालं बेडलम, आणि आता बेडलम म्हणजे नुसता गोंधळ. ठाण्याचं नशीब की तिथे लोकलही आहे, नाहीतर त्याचंही सामान्यनाम झालं असतं.

जुनाबाजार : मूळ मुद्द्यावर या. हा आजार सिफिलिसचा, म्हणजे उपदंशाचा, हे आज सगळ्यांना ठाऊक आहे. मग सरळ ‘मेंदूचा उपदंश’ लिहा ना. कशाला वात न् लकवा?

टाचणी : इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार. आज आपल्याला ठाऊक आहे, १८७० च्या डॉक्टरला ठाऊक नव्हतं. पॅरिसजवळ शाराँतोंला बेल नावाच्या तरुण डॉक्टरने १८२२ मध्ये हा वेगळा आजार म्हणून मांडला. उपदंशाशी संबंध असावा असं १८५७ मध्येच दोघांनी लिहिलं होतं, पण बहुतेकांनी मानलं नाही. नोंदवहीत ‘संभाव्य कारण’ असा रकाना असायचा. त्यात काय? दारू, अतिश्रम, काळजी, डोक्याला मार, बाहेरख्याली वागणं. उपदंशाचा जंतू सापडला १९०५ मध्ये, तो ओळखणारी रक्ताची वासरमान चाचणी आली १९०६ मध्ये, आणि या रुग्णांच्या मेंदूतच तो जंतू नोगुची आणि मूर यांनी दाखवला १९१३ मध्ये. तोवर राणी जाऊन बारा वर्षं झाली होती. मी ‘मेंदूचा उपदंश’ लिहिलं तर वेकफिल्डच्या डॉक्टरच्या हातात त्याला न सापडलेली किल्ली देऊन मोकळी होते. मग त्याची सगळी धडपड येडपटासारखी वाटायला लागते.

आणि धडपड खरोखर मोठी होती. जेम्स क्रिक्टन-ब्राऊन १८६६ ते १८७६ तिथे प्रमुख होता. मेलेल्या रुग्णांची शवविच्छेदनं करायची, मेंदू तोलायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. १८७१ पासून इस्पितळाचे स्वतःचे वैद्यकीय अहवाल निघू लागले. डेव्हिड फेरियरने मेंदूचा कुठला भाग काय हलवतो याचे प्राण्यांवरचे आपले पहिले प्रयोग १८७३ मध्ये इथेच केले. जनरल पॅरालिसिसच्या मेंदूवरची आवरणं जाड होऊन खाली चिकटलेली असत. सोलायला गेलं की मेंदूचा वरचा थरही सोबत निघून यायचा, अर्धकच्चा बटाटा घाईने सोलताना सालीबरोबर गर येतो तसा. हे डोळ्यांनी दिसत होतं, फक्त का ते कळत नव्हतं.

रात्रपाळी : बटाट्याची उपमा ठेवा. कापू देऊ नका संपादकांना.

गोदाकाठ : उपदंशावरून एक फाटा. ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात या रोगाला ‘फिरंग रोग’ म्हटलंय, फिरंग्यांबरोबर आला म्हणून. सोळाव्या शतकातलं पुस्तक, म्हणजे गोव्यात पोर्तुगीज स्थिरावले होते. गंमत अशी की इंग्रज त्याला फ्रेंच रोग म्हणत आणि फ्रेंच नेपल्सचा. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकला. मराठी माणसाने मात्र कुणाचं नाव न घेता ‘गरमी’ म्हटलं.

सुपारी : यावर इलाज निघाला का पुढे?

रात्रपाळी : निघाला, आणि अफलातून. व्हिएन्नाच्या वाग्नर-यौरेगने १९१७ मध्ये या रुग्णांना मुद्दाम हिवताप दिला. ताप चढवून जंतू मारायचा, मग क्विनाइनने हिवताप उतरवायचा. १९२७ चं नोबेल मिळालं त्याला. पेनिसिलिन आल्यावर ते सगळं थांबलं.

जुनाबाजार : ठीक, उपदंश मागे घेतो. मग ‘कामकरी रुग्ण’ तरी घ्या. कामगारपेक्षा मऊ आहे. नाहीतर खरं बोला आणि ‘राबवलेले रुग्ण’ लिहा. फुकटात शेती, फुकटात धुलाई.

टाचणी : ‘राबवलेले’वर रात्रभर विचार केला. खोटं नाही ते. हजारावर माणसांचं इस्पितळ रुग्णांच्या हातांवर चालायचं. पण १८१८ मध्ये दीडशे जणांसाठी ते उघडलं तेव्हा पहिला प्रमुख विल्यम एलिस मनापासून मानायचा की साखळीपेक्षा काम बरं, हाताला काम असलं की डोकं थाऱ्यावर येतं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, हे त्याला मराठी येत असतं तर त्याने दारावर लिहिलं असतं. उपचार आणि फुकटची मजुरी एकाच फावड्याला चिकटलेली होती. ‘राबवलेले’ म्हटलं की अर्धाच भाग दिसतो. ‘कामकरी’ म्हटलं की सगळं छानच होतं असं वाटतं.

रात्रपाळी : आम्ही वॉर्डात कोण ड्यूटीवर आहे विचारायला ‘आज कामावर कोण?’ म्हणतो. ‘कामावरचे रुग्ण’ कसं वाटतं?

गोदाकाठ : वा. आणि ताई, याचा उलटा शब्दही आपल्याकडे आहे बघा. जनरल पॅरालिसिसच्या माणसाचं काय होत असणार? आज शिंपीकामाला. मग टाका तिरका पडायला लागतो. सुई हातात राहत नाही. मग नुसतं अंगण झाडायला. मग तेही नाही. मराठीत आपण काय म्हणतो? ‘कामातून गेला.’

टाचणी : गोदाकाठ, हे मला महिनाभर सुचलं नव्हतं. लेखात एक परिच्छेद आहे, की पुष्कळदा आजार पुढे सरकलाय हे डॉक्टरांच्या आधी कामावरच्या देखरेख्याला कळायचं, कारण ज्याच्या हाताखाली माणूस शिवतो त्याला टाका दिसतो. तिथे मी ‘कार्यक्षमता घटत जाई’ असं लिहून ठेवलं होतं. काय ते वाक्य! आत्ताच खोडलं.

तर आता असं केलंय. उपशीर्षक : ‘कामावरच्या रुग्णांचे मेंदूचे जीवघेणे आजार’. पॉपरला निराधार. जनरल पॅरालिसिस देवनागरीत तसंच, पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ : ‘वेडाबरोबर सगळं अंग हळूहळू लुळं पाडणारा आजार’. उपदंश शेवटच्या भागात, १९१३ साल आल्यावर, त्याआधी एकदाही नाही. आणि शिंप्याच्या परिच्छेदात ‘कामातून गेला’.

जुनाबाजार : इस्पितळ की रुग्णालय?

टाचणी : इस्पितळ. त्या काळाला रुग्णालय शोभत नाही. आता तिथल्या लॉन्ड्रीला परीटखाना म्हणायचं की धोबीघाट, त्यावर घोडं अडलंय. संध्याकाळी वेगळा धागा काढते.