मदत हवी आहे: कुबरनेटिस डॅशबोर्ड, फक्त पाहण्यापुरता प्रवेश

मंडळी, आमचा कुबरनेटिस क्लस्टर (कंटेनरमधली अ‍ॅप्स चालवणारा सर्व्हरांचा गट) क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये आहे, कंट्रोल प्लेन मॅनेज्ड, म्हणजे त्याचा नियंत्रक भाग क्लाउड कंपनीच सांभाळते. मी बेळगावात बसते, सपोर्टची मुलं निपाणी आणि खानापुरातून काम करतात. त्यांना ब्राउझरमध्ये पॉड (चालू अ‍ॅपचे घटक) आणि लॉग दिसायला हवेत, एवढंच. बदल करण्याचा अधिकार नको.

व्हीपीएनवरून पोर्ट-फॉरवर्ड (क्लस्टरमधला पोर्ट आपल्या मशीनवर जोडणं) केलं की डॅशबोर्ड उघडतो. सर्व्हिस अकाउंटला (क्लस्टरमधल्या खात्याला) फक्त पाहण्याचा ‘व्ह्यू’ रोल दिलाय, त्याचा टोकनही (लॉगिनची डिजिटल किल्ली) चालतो. पण ‘क्रिएट टोकन’चा टोकन तासाभरात संपतो, आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात नेटवर्क तुटलं की पोर्ट-फॉरवर्ड पुन्हा लावावं लागतं. कायमचा टोकन सीक्रेटमध्ये (क्लस्टरमधल्या गुप्त नोंदीत) ठेवणं मला धोक्याचं वाटतं. क्लस्टर-अ‍ॅडमिन (सगळे अधिकार) द्या असं कृपया सुचवू नका. डॅशबोर्ड इंटरनेटवर उघडा टाकणंही शक्य नाही.

म्हणून व्हीपीएनच्या आतच इन्ग्रेस (क्लस्टरमध्ये येण्याचा वेब मार्ग) लावून पुढे ओऑथ२-प्रॉक्सी (आधी लॉगिन करायला लावणारा मधला सर्व्हर) बसवला. कंपनीच्या खात्यातून लॉगिन होतं, आयडी टोकन (ओळख सांगणारा टोकन) विनंतीच्या ऑथोरायझेशन हेडरमध्ये पुढे जातो (लॉगमध्ये तपासलं), तरी एपीआय सर्व्हर (क्लस्टरच्या सगळ्या विनंत्या घेणारा भाग) ४०१, म्हणजे ‘ओळख पटली नाही’, देतो. म्हणजे अडचण रोलची नसावी, नाहीतर ४०३ (‘अधिकार नाही’) आला असता.

मॅनेज्ड कंट्रोल प्लेनमध्ये एपीआय सर्व्हरचे फ्लॅग (सुरुवातीच्या सेटिंग्ज) बदलता येत नाहीत. अशा वेळी आमचा ओआयडीसी प्रोव्हायडर (कंपनीच्या खात्यांची ओळख देणारी सेवा) क्लाउडच्या बाजूने क्लस्टरला जोडावा, की इम्पर्सोनेशन करणारा (युझरच्या नावाने विनंती पुढे पाठवणारा) प्रॉक्सी मध्ये ठेवावा? आणि जोडल्यावर ऑडियन्स (टोकन कोणासाठी आहे ते) म्हणून ओऑथ२-प्रॉक्सीचाच क्लायंट आयडी द्यायचा का?