मदत हवी आहे: नववीच्या मुलांचा कच्चा पाया

नमस्कार मंडळी. माझी मुलगी सातपूर भागातल्या एका सरकारी शाळेत नववीला आहे. परवा तिच्या वर्गात बसले होते. फळ्यावर बीजगणित चाललेलं, आणि मागच्या बाकावरचा मुलगा वहीच्या कोपऱ्यात सातचा पाढा मांडून साधा भागाकार सोडवत होता. पोटात तुटलं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यामुळे शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात. म्हणून आम्ही पालकांनीच शाळा सुटल्यावर तासभर गणिताचा वर्ग घ्यायचं ठरवलंय. मुख्याध्यापक खोली देताहेत.

नाशिकमध्ये कुणी असा वर्ग चालवलाय का? मुलांचे गट कसे पाडलेत? सिडको-सातपूरकडचे निवृत्त शिक्षक आठवड्यातून दोन दिवस येतील का? एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या पालकांसाठी बैठक कधी ठेवावी, तेही सांगा.