'टेंपरेट'ला मराठीत काय म्हणाल?

फळाखडू
अकरावीला इंग्रजी शिकवतो. गाव वर्धा जिल्ह्यातलं, मुलं सगळी मराठी माध्यमातून आलेली. व्याकरणाचे तक्ते पाठ आहेत, पण दोन वाक्यं स्वतःहून बोला म्हटलं की माना खाली. म्हणून प्रेमकविता घ्यायला लागलो. या वयात तो एकच विषय असा आहे की अर्थ कळावा म्हणून मुलं आपणहून धडपडतात.

परवा शेक्सपिअरच्या अठराव्या सुनीताच्या (सॉनेटच्या) पहिल्या दोन ओळी फळ्यावर लिहिल्या. 'शॅल आय कंपेअर दी टु अ समर्स डे? दाऊ आर्ट मोअर लव्हली अँड मोअर टेंपरेट.' अर्थ मुलांनीच लावायचा असं ठरलं होतं. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "तू जास्त सुंदर आहेस अन् जास्त रागीट आहेस." का, तर टेंपर म्हणजे राग. 'त्याले लय टेंपर येते' हे घरीदारी चालतंच. अख्ख्या वर्गाला पटलं. उन्हाळा आणि राग, दोन्ही जुळतात!

शिक्षकांच्या खोलीत विचारलं. भूगोलाच्या मॅडम म्हणाल्या 'समशीतोष्ण'. इतिहासाचे सर म्हणाले 'मवाळ'. प्रेयसीला समशीतोष्ण कटिबंधात नेऊन बसवू, की नामदार गोखल्यांच्या शेजारी? 'सौम्य' मला फिका वाटतो, तो औषधाच्या बाटलीवर शोभतो. मुलांच्या तोंडी बसेल असा शब्द सुचवा.

भाषाव्रती
शब्द आहे, आणि आपलाच आहे: समधात. माझे आजोबा वैद्य होते. रोग्याची नाडी ठीक लागली की म्हणायचे, "समधात आहे, काळजी नको." ना फार उष्ण, ना फार थंड, सगळे धातू आपापल्या प्रमाणात. लॅटिनमध्ये 'टेंपेरारे' म्हणजे योग्य प्रमाणात मिसळणं. जुने युरोपी वैद्य शरीरातले चार रस धरत आणि त्यांच्या मिश्रणावरून माणसाचा स्वभाव सांगत. 'टेंपरामेंट' तिथलाच. इतका नेमका जोड सापडत असताना 'सौम्य'कडे जायचं कशाला?

आणि तुमच्या विद्यार्थ्याची चूक त्याची नव्हे. आपण परका शब्द उचलतो तेव्हा त्याचा एकच अर्थ सोबत येतो, बाकीचे मागे राहतात. 'टेंपर' रागापुरता आला, आता तोच अर्थ दारात उभा राहून बाकीच्यांना आत येऊ देत नाही.

निशिगंध
काका, 'समधात' छानच आहे. पण फळ्यावर लिहिला की आधी मराठीचा तास घ्यावा लागेल, इंग्रजीचा राहूनच जाईल. आणि अडवणारा तो 'टेंपर'च मुलांना ओळीत घेऊन गेला की! शब्द पूर्ण अनोळखी असता तर कुणी तोंडच उघडलं नसतं. फळाखडू सर, मी तुमच्या जागी असते तर त्या मुलाला शाबासकी देऊन पुढे विचारलं असतं: रागाला 'टेंपर लूज' होणं का म्हणतात? काय सुटतं? जे सुटतं ते आधी धरलेलं असतं. ते धरलेलं म्हणजे टेंपर, आणि ज्याचं सुटत नाही तो टेंपरेट.

मी कोल्हापूरजवळ शिकवते. आमच्याकडे याच ओळीत पोरं 'शॅल'वर अडली होती. पुस्तकी सवयीने सगळ्यांनी भविष्यकाळ लावला, 'मी तुझी तुलना करीन का?' मी म्हटलं, घरी आईला कसं विचारता? "चहा टाकू का?" टाकीन का, असं कोणी विचारत नाही. 'शॅल आय' म्हणजे हा 'करू का'. मराठीत हे रूप आयतं आहे आणि आम्ही 'शॅल-विल'चे नियम घोकत बसतो. त्या दिवसापासून वर्गात "शॅल आय क्लीन द बोर्ड?" सुरू झालं ते आजतागायत.

लोहारपेठ
टेंपरचा अर्थ पोलादात बघा. विळ्याला, कोयत्याला पाणी देतात ना, तेच टेंपर. त्यावरून मी 'पाणीदार' सुचवतो. पाणीदार डोळे म्हणतोच आपण.

कोर्टपक्षी
दादा, पाणी पाजणं वेगळं आणि टेंपर वेगळं. लाल तापवलेलं पातं पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, पण ठिसूळही होतं. मग ते पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा काढायचा, याला टेंपर करणं म्हणतात. म्हणजे कडकपणा थोडा उतरवणं. 'पाणीदार' घेतलात तर अर्थ उलट्या बाजूला जाईल.

लोहारपेठ
आमच्याकडे लोहार दोन्हीला मिळून पाणी देणंच म्हणतात. भट्टीसमोर बसणाऱ्याचा शब्द खरा मानायचा की कारखान्यातला?

ओवी
तुम्ही 'टेंपरेट'वर अडलात, माझा पाय त्याआधीच 'समर'मध्ये अडकतो. वर्ध्याचा मे महिना, पारा ४२-४३ च्या पुढे, आणि 'तुला उन्हाळ्यातल्या दिवसाची उपमा देऊ का?' मुली चिडतील नाहीतर काय! आपल्या परंपरेत उन्हाळा प्रेमाचा ऋतूच नाही. कालिदासाच्या नावावरचं 'ऋतुसंहार' ग्रीष्मापासूनच सुरू होतं. पहिल्याच श्लोकात 'प्रचण्डसूर्यः स्पृहणीयचन्द्रमाः' आणि पुढे दोन विशेषणं, 'दिनान्तरम्यः' आणि 'अभ्युपशान्तमन्मथः'. दिवस सुंदर कधी, तर तो संपताना. आणि मदन निवलेला. हे सगळं तो प्रियेलाच सांगतो आहे! म्हणून मी अनुवादात सरळ श्रावण घालते. 'तुला श्रावणातल्या दिवसाची उपमा देऊ का?' भाव पोचतो.

निशिगंध
ओवीताई, 'उपमा' नको. अकरावीच्या वर्गात 'तुला उपमा देऊ का' म्हटलं की डबा आठवतो.

ओवी
आमच्याकडे त्याला उप्पीट म्हणतात, त्यामुळे अडचण आलेली नाही. :)

भाषाव्रती
श्रावणाला माझा ठाम विरोध. अनुवाद घरी वाचायला करत असाल तर एक वेळ चालेल. इथे कविता इंग्रजी शिकण्यासाठी घेतली आहे. त्या लोकांना ऊन हवंसं वाटतं, हे न कळता 'अ वॉर्म वेलकम' तरी कसं कळणार? वॉर्म चांगला, कोल्ड वाईट, ही त्या भाषेची सगळी बैठकच हवामानावर आहे. आपल्याकडे डोळे थंड होतात, जीव गार होतो, पोट निवतं. श्रावण घातलात की हा फरकच नाहीसा झाला.

लीड्सकर
मी इथे उत्तर इंग्लंडमध्ये बरीच वर्षं आहे. जुलैत दुपारचा पारा सरासरी २०-२१, आणि जूनच्या अखेरीस साडेनऊनंतरही उजेड. तो 'समर्स डे' म्हणजे साधारण आपला डिसेंबरातला दिवस, फक्त लांबच लांब. मला विचाराल तर 'हिवाळ्यातलं कोवळं ऊन'. आणखी एक. पुढे 'डार्लिंग बड्स ऑफ मे' येतं तो मे आजचा नव्हे. इंग्लंडने नवं कॅलेंडर १७५२ मध्ये घेतलं. शेक्सपिअरच्या काळी त्यांची तारीख दहा दिवस मागे होती, म्हणजे त्यांचा मे आपल्या १० जूनपर्यंत जायचा. मे हा उन्हाळ्याचाच महिना का, ते त्यामुळे नीट कळतं.

दुसरं म्हणजे 'दाऊ'. माझी भाची पुण्यात बारावीला आहे, तिला शिकवलंय की 'दाऊ' म्हणजे आदरार्थी, 'आपण'. साफ चूक. इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून 'दा' आणि 'दी' ऐकू येतं, ते घरच्यांना, दोस्तांना. परक्याला नाही.

फळाखडू
पण प्रार्थनेत देवाला 'दाऊ' असतं, म्हणून मुलांना तो आदर वाटतो.

निशिगंध
देवाला आपण काय म्हणतो सर? विठ्ठलाला कोणी 'अहो' केलंय का? जनाबाईंपासून सगळे 'तू'च. आईला तू, देवाला तू, आणि वडिलांना, नवऱ्याला अहो. हे मुलांना सांगितलं की 'दाऊ' एका मिनिटात बसतो. आमच्या वर्गात यावर वाद झाला, की कवी प्रेयसीला 'दाऊ' म्हणतो मग ती त्याला काय म्हणत असेल. एक मुलगी म्हणाली, "सर्वांसमोर यू, घरात दाऊ." उत्तर लिहून ठेवण्यासारखं होतं.

कोर्टपक्षी
प्रेयसी कशावरून? १६०९ च्या संग्रहात १५४ सुनीतं आहेत, त्यांतली पहिली १२६ एका तरुणाला उद्देशून आहेत असं सर्वसाधारणपणे मानतात. हे अठरावं.

ओवी
म्हणूनच मराठी करताना 'देखणी' वापरू नये. 'लोभस' घ्यावं, ते लिंगाने बदलत नाही. 'आहेस'ही दोघांना चालतं. 'तू अधिक लोभस आहेस' यात मुलगा की मुलगी कळत नाही, इंग्रजीतही कळत नाही. मराठीत अशी वाट फार क्वचित मिळते, क्रियापद भूतकाळात गेलं की लगेच गेलास-गेलीस.

फळाखडू
लोभस घेतला, फळ्यावर जाणार. 'मोअर लव्हली'बद्दलही एकाने हात वर केला होता, "सर, डिग्री बदला मध्ये तर लव्हलीअर शिकवलं होतं." दोन्ही चालतात, आणि इथे 'मोअर' दोनदा आल्यामुळे ओळ तोलून उभी राहते, हे त्याला म्हणून दाखवलं. टाळी देऊन चाल धरली तेव्हा पटलं. पण 'टेंपरेट' अजून राहिलाय.

निशिगंध
सर, तुमच्याकडे पालक काही म्हणत नाहीत का? माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, "पोरांना प्रेमाच्या कविता कशाला, अर्ज लिहायला शिकवा." त्यांना मी वही दाखवली. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगची १८५० मधली 'हाऊ डू आय लव्ह दी?' घेतली होती. त्यातल्या 'बाय सन अँड कँडल-लाइट' या ओळीसारखी एक ओळ स्वतःच्या माणसाबद्दल लिहा म्हटलं. एका मुलीने आजीवर लिहिलं, 'आय लव्ह दी बाय चूल अँड बाय ट्यूबलाइट.' वर्षभर जी तोंड उघडत नव्हती, तिने ही ओळ उभं राहून वाचली. अर्ज लिहिताना मुलांना काही सांगायचंच नसतं, म्हणून वाक्य फुटत नाही. इथे सांगायचं असतं आणि शब्द कमी पडतात, म्हणून ती शब्द मागतात. मी त्या गृहस्थांना हेच सांगितलं. ते वाचत बसले, पुढे काही बोलले नाहीत.

भाषाव्रती
वाक्य गोड आहे, पण 'बाय चूल'? इंग्रजीही नाही आणि मराठीही नाही. दुरुस्त करायला हवं होतं.

निशिगंध
नाही केलं, आणि करणार नाही. 'हार्थ' लिहिलं असतं तर आजी त्यात राहिली नसती.

कोर्टपक्षी
मला याच सुनीताच्या चौथ्या ओळीबद्दल विचारायचंय. 'समर्स लीज हॅथ ऑल टू शॉर्ट अ डेट.' सगळे अनुवाद 'उन्हाळा अल्पायुषी' वगैरे करून मोकळे होतात. लीज हा करारनाम्यातला शब्द आहे आणि डेट म्हणजे तारीख नव्हे, मुदत. 'उन्हाळ्याच्या भाडेपट्ट्याची मुदत फारच थोडी.' खेड्यातल्या मुलाला हे शेक्सपिअर शिकवणाऱ्यापेक्षा लवकर कळेल.

भाषाव्रती
लीज नको, मुदत नको. 'कालावधी' लिहा.

कोर्टपक्षी
काका, मुदत अरबी आहे हे खरं, पण सातबाऱ्याच्या देशात ती मराठीच झाली. 'कालावधी' भाडेपट्ट्यात कोणी लिहीत नाही.

फळाखडू
आमच्याकडे मक्त्याने देतात किंवा बटईने.

कोर्टपक्षी
बटई चालणार नाही, ती पिकाची वाटणी. आमच्या कोकणात तिला अर्धेल म्हणतात. लीज म्हणजे ठरावीक रक्कम, ठरावीक मुदत: मक्ता किंवा खंड. 'उन्हाळ्याचा मक्ता लवकर संपतो.' कशी वाटते ओळ?

ओवी
मक्ता संपला म्हणजे उन्हाळा कूळ झाला. मग कूळकायदा लागू होईल की! १ एप्रिल १९५७ ला कसणारं कूळ मालक झालं.

कोर्टपक्षी
तुम्ही सहज म्हणालात, पण ओळ नंतरची बघा. 'नॉर लूज पझेशन ऑफ दॅट फेअर दाऊ ओस्ट.' पझेशन म्हणजे ताबा. आणि 'ओस्ट' म्हणजे देणं लागतोस नव्हे, तुझ्या मालकीचं आहे. चौथ्या ओळीत मुदतीचा मक्ता, दहाव्या ओळीत कायमचा ताबा. पहिल्या उन्हाळ्याला घर सोडावं लागतं, 'दाय इटर्नल समर'ला नाही. मधल्या ओळींत काय झालं, एवढंच मुलांना विचारा. पूर्ण तास निघेल.

फळाखडू
विदर्भाचा कूळकायदा वेगळा होता, १९५८ चा. पण विचारतो नक्की. आणि 'टेंपरेट'?

लोहारपेठ
मक्ता की मख्ता? आमच्या आजीच्या कागदपत्रांत 'ख' आहे.

भाषाव्रती
'त'. अरबी 'मक्ता'वरून. कागद मोडीत असतील तर फोटो टाका, बघून सांगतो.