संरक्षित सार्वजनिक जमिनीची देखभाल : निसर्गाला कमीत कमी धक्का लावून कशी करावी?

रानवाटसोबती (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. एका सार्वजनिक संरक्षित क्षेत्राच्या देखभालीचा वार्षिक आराखडा तयार करण्याचे काम नुकतेच माझ्याकडे आले आहे. या क्षेत्रात गवताळ माळ, ओढ्याकाठची दाट झाडी, चढउताराच्या काही पायवाटा, ओढ्यावरचा लाकडी साकव, पक्षीनिरीक्षणाचे मचाण, वाहनतळ आणि स्वच्छतागृहे आहेत. आजवरची पद्धत अशी आहे की ठेकेदार ठरावीक दिवसांनी सगळे गवत जमिनीलगत कापतो, पायवाटांच्या कडेने सरसकट तणनाशक फवारतो, पडलेली झाडे उचलून बाहेर नेतो आणि वाहनतळावर रात्रभर पांढरे प्रखर दिवे जळत राहतात. क्षेत्र "नीटनेटके" दिसते, पण ज्या सजीवांसाठी ही जमीन राखून ठेवली आहे त्यांना या नीटनेटकेपणाचा त्रासच होत असावा, अशी मला शंका आहे.

वरिष्ठांचा कल पर्यावरणपूरक साहित्य खरेदी करण्याकडे आहे. जैविक तणनाशक, सौर दिवे आणि पुनर्वापरित प्लास्टिकच्या फळ्या अशी यादीही तयार झाली आहे. निधी मर्यादित असल्यामुळे सगळे एकदम होणार नाही. सुरुवात कुठून करावी आणि यादीतले काय टाळावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुनी_पायवाट

खरेदीची यादी तूर्तास बाजूला ठेवा आणि त्याऐवजी वर्षभरात केल्या जाणाऱ्या कामांची यादी काढा. प्रत्येक कामापुढे "हे केले नाही तर नेमके काय बिघडेल?" हा एकच प्रश्न लिहा. ज्या कामांना "वाईट दिसेल" याखेरीज उत्तर मिळणार नाही, ती कामे काट मारण्यास पात्र आहेत. न केलेल्या कामाला इंधन लागत नाही, रसायन लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

पडलेल्या झाडांपासून सुरुवात करता येईल. फिनलंडमधील अभ्यासांनुसार तेथील जंगलांत राहणाऱ्या प्रजातींपैकी सुमारे २० ते २५ टक्के प्रजाती कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर मृत लाकडावर अवलंबून असतात. बुरशी, भुंगेरे, ढोलीत घरटे करणारे पक्षी असे सगळेच त्यात आले. वाटेवर आडवा पडलेला ओंडका वाटेच्या रुंदीपुरता कापून दोन्ही तुकडे तिथेच कडेला सोडावेत. वाळून उभे असलेले झाड फक्त वाटेवर, मचाणावर किंवा वाहनतळावर कोसळण्याचा धोका असेल तरच पाडावे, आणि तेही शक्य असल्यास पूर्ण न पाडता माणसाच्या दुप्पट उंचीचा बुंधा उभा ठेवावा. लाकूड बाहेर न नेण्याचे आणखी एक कारण आहे. अमेरिकेत २००२ मध्ये मिशिगन राज्यात आढळलेला, ॲश वृक्षांचा जीव घेणारा हिरवा भुंगेरा पुढे दूरवर पोचला, तो मोठ्या प्रमाणात जळणाच्या लाकडाच्या वाहतुकीतून.

गवताबद्दल थोडक्यात सांगतो. माळाचे तुकडे पाडा आणि एका वेळी एकच तुकडा कापा, म्हणजे उरलेल्या भागात कीटकांना व लहान प्राण्यांना आसरा राहतो. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची पिल्ले उडून जाईपर्यंत माळाला हात लावू नका. कापणी मध्यापासून सुरू करून कडेकडे न्यावी, कारण कडेकडून आत कापत गेल्यास प्राणी मधल्या पट्ट्यात कोंडले जातात. पाते जमिनीपासून वीतभर तरी वर ठेवावे. माळ रानफुलांचा असेल तर कापलेले गवत तिथेच कुजू देऊ नका. त्यामुळे माती सकस होते, आणि सकस मातीत दांडगी गवते वाढून नाजूक फुलझाडांना दाबून टाकतात.

पायवाटांविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण बहुतेक ठिकाणी देखभालीचा सर्वाधिक खर्च आणि सर्वाधिक धूप इथेच होते. वाटेचा शत्रू पाय नसून पाणी आहे. वाट उतारावर सरळ खाली जात असेल तर पहिल्याच मोठ्या पावसात तिचा ओहोळ होतो. मग दरवर्षी मुरूम आणून टाकायचा, आणि तो दरवर्षी वाहून जाऊन ओढ्यात गाळ म्हणून बसायचा, असे चक्र सुरू राहते. वाटा आखणाऱ्यांचा एक जुना नियम आहे, तो असा की वाटेचा चढ हा ती ज्या डोंगरउतारावरून जाते त्याच्या निम्म्याहून कमी असावा. उतार १६ टक्के असेल तर वाटेचा चढ ८ टक्क्यांच्या आत हवा. त्याहून जास्त झाल्यास पाणी वाट ओलांडून खाली जाण्याऐवजी वाटेनेच धावू लागते. एकूण लांबीचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आत राहिलेला बरा. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला साधारण ५ टक्के कलता ठेवावा आणि थोड्या थोड्या अंतरावर वाटेलाच एक सौम्य खोलगट हेलकावा द्यावा, म्हणजे पाणी तिथून बाहेर पडते. आडव्या ओंडक्यांचे किंवा दगडांचे बांध हा दुय्यम उपाय आहे. ते गाळाने भरतात, लोक त्यांना वळसा घालून चालतात आणि वाट रुंदावत जाते.

तपासणीची योग्य वेळ म्हणजे पाऊस चालू असताना. कोरड्या दिवशी वाट पाहून काहीच कळत नाही. छत्री घेऊन वाटेवर उभे राहिले की पाणी कुठे वाटेत शिरते आणि कुठे बाहेर पडते, हे स्पष्ट दिसते. तिथे खुंट्या ठोकून ठेवाव्यात आणि माती ओलसर पण घट्ट असताना काम करावे. बऱ्याचदा कुदळ, फावडे आणि दाताळे यांपलीकडे काही लागत नाही. जी वाट मुळातच सरळ उतारावर आखली आहे, तिच्यावर मात्र दरवर्षी खर्च करण्यापेक्षा ती बंद करून नवी वळणदार वाट काढणे दीर्घकाळात स्वस्त पडते. बंद केलेल्या वाटेवर फांद्या आणि पालापाचोळा पसरून तिचा माग पुसावा, नाहीतर "प्रवेश निषिद्ध" ही पाटी वाचून लोक त्याच वाटेने जातात.

बीज_आणि_बूट

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, मात्र तणाच्या बाबतीत "काहीच करू नका" हे धोरण चालत नाही. आक्रमक परकी वनस्पती शिरली असेल तर हात बांधून बसणे हाही एक निर्णयच असतो आणि त्याची किंमत मूळच्या वनस्पती मोजतात.

प्रथम यादीतील "जैविक तणनाशका"बद्दल. अशी पुष्कळ उत्पादने म्हणजे तीव्र ॲसेटिक आम्ल असते. त्याने वरची पाने करपतात, पण बहुवर्षायू तणाची मुळे शाबूत राहतात आणि काही आठवड्यांत फुटवे येतात, म्हणून पुन्हा फवारणी करावी लागते. तीव्र आम्ल डोळ्यांना आणि त्वचेला गंभीर इजा करू शकते. नैसर्गिक उगमाचे म्हणून निर्धोक, हे गणित इथे जुळत नाही.

ग्लायफोसेट या सर्रास वापरल्या जाणाऱ्या रासायनिक तणनाशकाविषयी दोन्ही बाजूंनी टोकाची मते ऐकू येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला "बहुधा कर्करोगजनक" गटात घातले, तर अमेरिकेच्या व युरोपच्या नियामक संस्था वेगळ्या निष्कर्षाला आल्या. तो वाद बाजूला ठेवला तरी ओढ्याकाठी एक गोष्ट निश्चित लक्षात ठेवावी लागते. काही उत्पादनांत औषध पानाला चिकटावे म्हणून जो सहायक घटक मिसळलेला असतो, तो बेडूकमाशांसाठी मूळ रसायनापेक्षा अधिक घातक ठरतो. म्हणून पाण्याजवळ फवारणी नकोच. रसायन अपरिहार्यच असेल तेव्हा झुडूप बुंध्याशी कापून ताज्या खुंटावर, तेही फक्त सालीलगतच्या कड्यावर, कुंचल्याने लावावे. सरसकट फवारणीच्या तुलनेत रसायन नगण्य लागते आणि शेजारचे रोप वाचते. घाणेरीसारख्या झुडपाला रसायनाचीही गरज नसते. जमिनीच्या किंचित खाली मुख्य मूळ तोडून झुडूप उलटे टाकले की ते वाळून जाते. मात्र मोकळ्या झालेल्या जागेत स्थानिक गवत लावले नाही आणि नंतरची काही वर्षे रोपे उपटली नाहीत, तर सगळी मेहनत वाया जाते.

आता ज्याकडे सहसा लक्ष जात नाही ती गोष्ट, म्हणजे देखभाल करणारी माणसे आणि यंत्रेच तण व रोग पसरवतात. गवतकापणीच्या यंत्राच्या पात्याच्या आच्छादनाखाली वाटेकडचे सगळे बी चिकटलेले असते आणि ते पुढच्या, स्वच्छ माळावर सांडते. न्यूझीलंडमध्ये कौरी वृक्षांना मारणारा फायटोफ्थोरा हा सूक्ष्मजीव मातीतून पसरतो, आणि टाचणीच्या डोक्याएवढी चिखलाची गोळीही त्याला पुरते. त्यापायी २०१८ मध्ये वायटाकेरे डोंगररांगेतील जंगल लोकांसाठी बंद करावे लागले आणि मुळांवरून उचललेल्या फळ्यांच्या वाटा व बूट धुण्याची ठाणी उभारल्यावरच काही वाटा टप्प्याटप्प्याने खुल्या झाल्या. तेव्हा ठेकेदाराची यंत्रे क्षेत्रात येण्यापूर्वी घासून कोरडी झालेली असावीत, काम स्वच्छ भागापासून तणग्रस्त भागाकडे व्हावे, उलट नव्हे, आणि बाहेरून येणारा मुरूम व माती तणाच्या बियांपासून मुक्त असल्याची खात्री करूनच स्वीकारावी. प्रवेशद्वारापाशी ताठ केसांचा ब्रश आणि एक पाटी, एवढ्यानेही सुरुवात होते.

मचाण_मिस्त्री

बांधकामाविषयी माझे मत देतो. साकव मजबूत असेल तर तो पाडून प्लास्टिकचा करणे पर्यावरणपूरक नाही. खराब झालेली फळी बदला, पानांचा थर झाडून काढा, फळ्यांमधल्या फटी मोकळ्या ठेवा. लाकूड कुजते ते साचलेल्या ओलीमुळे, आणि झाडूने जितके आयुष्य वाढते तितके कोणत्याही लेपाने वाढत नाही. क्रिओसोट या डांबरी तेलातील घटक पाण्यात झिरपतात. क्रोमियम, तांबे व आर्सेनिक मुरवलेले लाकूड अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून बहुतेक घरगुती वापरांतून हद्दपार झाले. त्याच्या जागी आलेल्या तांबेप्रधान द्रव्यांत आर्सेनिक नसले तरी तांबे जलचरांना विषारी असते, त्यामुळे थेट पाण्यावर नैसर्गिकरीत्या टिकाऊ लाकूड बरे. पुनर्वापरित प्लास्टिकची फळी कुजत नाही हे खरे, पण उन्हात लक्षणीय प्रसरण पावते आणि भाराखाली हळूहळू वाकते, म्हणून खालच्या तुळया अधिक जवळजवळ लागतात. ती कापायची तर कार्यशाळेत कापून आणा. ओढ्याकाठी करवत चालवली की प्लास्टिकचा भुसा कायमचा मातीत जातो.

सौर दिव्याने वीज वाचते, अंधार वाचत नाही. वाहनतळ रात्री बंद असेल तर दिवाच नको. लागत असेल तेथे झाकण असलेला, फक्त खाली प्रकाश टाकणारा, हालचालीने पेटणारा आणि पिवळसर प्रकाशाचा दिवा लावा. निळ्या-पांढऱ्या प्रकाशाकडे कीटक जास्त ओढले जातात.

स्वच्छतागृहांबद्दल कुणीच लिहिले नाही, म्हणून तेही सांगतो. सेप्टिक टाकी असेल तर फिनेल आणि ॲसिडचा मारा थांबवा. टाकीतले काम जिवाणू करतात आणि आपण तेच मारतो, मग दुर्गंधी वाढते म्हणून आणखी फिनेल ओततो. साबण, गरम पाणी आणि ब्रश पुरेसे असतात. पाणी नसलेल्या ठिकाणी कोरडे शौचालय बांधताना हवेचा नळ रुंद व काळ्या रंगाचा, छपराहून उंच आणि उन्हाच्या बाजूला ठेवावा. नळ तापला की आतली हवा वर खेचली जाते आणि वास आत येतच नाही. झाडाच्या सावलीत बांधलेल्या शौचालयाचा वास कधीच जात नाही. कंपोस्ट शौचालयात अडचण होते ती मूत्रामुळे. ते वेगळे वळवले नाही तर ढीग चिखलासारखा राहतो आणि कुजण्याची क्रिया मंदावते. खड्ड्याचे अंतर ठरवताना स्थानिक नियम पाहावेतच, पण आधारासाठी म्हणून सांगतो की मदतकार्यांत वापरल्या जाणाऱ्या स्फिअर मानकांत भूजलस्रोतापासून किमान ३० मीटर अंतर आणि खड्ड्याचा तळ भूजलपातळीच्या किमान दीड मीटर वर, असे दिले आहे.

रानवाटसोबती

तिघांचेही मनःपूर्वक आभार. खरेदीची यादी बरीच आटोपशीर होईल असे दिसते. एक अडचण उरते. ठेकेदाराला कापलेल्या गवताच्या चौरस मीटरवर पैसे मिळतात. त्याला "कमी कापा" असे कोणत्या तोंडाने सांगावे? शिवाय तो पेट्रोलची यंत्रे वापरतो, ती बदलण्याची सक्ती करावी का?

जुनी_पायवाट

आपण नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलेत. क्षेत्रफळावर पैसे दिले की कापणी वाढणारच, यात ठेकेदाराचा दोष नाही. पुढच्या करारात मोबदला स्थितीवर ठरवा. वाटेच्या दोन्ही बाजूंना ठरावीक रुंदी मोकळी असावी, पाणी बाहेर पडण्याच्या जागा गाळाने भरलेल्या नसाव्यात, साकवावर पाने साचलेली नसावीत, ठरलेल्या तुकड्यांत ठरलेल्या तारखेपूर्वी कापणी झालेली नसावी. यांपैकी शेवटची अट मोडल्यास कपातीचे कलम घाला, कारण विणीच्या हंगामात एकदा फिरलेले पाते भरून काढता येत नाही. करारात तण उपटण्याचे आणि हाताने चर काढण्याचे मजुरीचे दिवस वेगळे दाखवा, म्हणजे यंत्र न चालवूनही त्याला उत्पन्न राहील आणि त्याची माणसे टिकतील.

यंत्रांची सक्ती पहिल्या वर्षी करू नका. अशा लहान पेट्रोल यंत्रांत बऱ्याचदा असणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनात इंधनाचा काही भाग न जळताच बाहेर पडतो, त्यामुळे ती यंत्रे बदलायला हवीत हे खरे. तथापि, कापणीच कमी झाली की चालू यंत्राचा वापर आपोआप घटतो, आणि त्याचे आयुष्य संपल्यावर बॅटरीचे यंत्र घेण्याची अट पुढच्या करारात घालता येते. चेन सॉच्या साखळीला लागणारे तेल मात्र लगेच बदला. ते परत गोळा होत नाही, सगळे कापलेल्या लाकडावर आणि मातीवर उडते, आणि वनस्पती तेलापासून बनवलेले पर्यायी तेल त्याच यंत्रात चालते. इंधन भरण्याची जागा ओढ्यापासून दूर, वाहनतळावरच नेमून द्या आणि खाली ठेवायला एक तसराळे सक्तीचे करा. या दोन अटी चालू करारातही पुरवणी पत्राने घालता येतील.