व्हॅम्पायरांची जगबुडी आणि रिकामा खिसा

जागता_पहारा

काल रात्री 'स्टेक लँड' (२०१०) दुसऱ्यांदा पाहिला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: व्हॅम्पायरांच्या साथीने अमेरिका कोलमडली आहे. आईबाप गमावलेला मार्टिन आणि 'मिस्टर' एवढंच नाव असलेला एक शिकारी गाडीतून उत्तरेकडे निघालेत. तिकडे 'न्यू ईडन' म्हणून सुरक्षित जागा आहे म्हणे. दिवसा प्रवास, रात्री लपायचं नाहीतर लढायचं. दिग्दर्शक जिम मिकल. मिस्टर झालेला निक डॅमिची हाच सहलेखक. शहरं कोसळताना दाखवायला पैसे नव्हते, त्यामुळे ती कोसळून गेल्यानंतरच गोष्ट सुरू होते. तरी त्या वर्षी टोरांटो महोत्सवात मिडनाइट मॅडनेस विभागातली प्रेक्षकांची पसंती यालाच मिळाली.

माझं म्हणणं सरळ आहे. गरिबीत उलट जास्त रंगते अशी जगबुडी एकच, व्हॅम्पायरांची. उल्का पडणार असेल तर ती पडताना दाखवावी लागते. समुद्र चढला तर समुद्र लागतो. इथे सगळा खेळ सूर्यावर: व्हॅम्पायर उन्हात मरतो, म्हणून रात्रीच बाहेर पडतो. अर्धा सिनेमा उन्हात, रिकाम्या रस्त्यांवर काढता येतो, आणि त्या उन्हातही आपण निवांत नसतो, सावल्या किती लांबल्या ते बघत बसतो. फळ्या ठोकलेल्या खिडक्या, गवत माजलेलं अंगण, कलतं ऊन. भीतीला आणखी काय लागतं?

गंमत म्हणजे हा नियम पुस्तकातला नाहीच. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' या १८९७ च्या कादंबरीत व्हॅम्पायर असलेला ड्रॅक्युला लंडनमध्ये भरदिवसा फिरतो, फक्त तेव्हा त्याची शक्ती कमी असते. उन्हाने मरणं आलं १९२२ च्या 'नोस्फेराटू'त. म्हणजे हा नियम सिनेमाने स्वतःच्या सोयीने घडवला.

पडद्यामागे

साफ असहमत. मी छोट्या शूटिंगांवर लाइट उचललेत, त्यामुळे हे 'फुकटचं ऊन' प्रकरण ऐकून हसू आलं.

ऊन फुकट आहे, मान्य. पण पोस्टरवर ऊन कोण छापतं? तिथे सुळे, रक्त, व्हॅम्पायरच्या छातीत ठोकायची खुंटी घेऊन उभा असलेला शिकारी. आणि हे सगळं घडतं रात्री. रात्रीचं शूटिंग म्हणजे जनरेटर, वायरी, झाडाच्या उंचीवर चढवलेला लाइट, पहाटे तीनला पेंगणारी माणसं आणि उजाडायच्या आत उरकायची घाई. तुम्ही ज्या नियमाचं कौतुक करताय तोच नियम सिनेमातला सगळ्यात महागडा भाग, म्हणजे ॲक्शन, दिवसाच्या सगळ्यात महागड्या वेळी नेऊन ठेवतो.

तुमच्याच 'नोस्फेराटू'चं घ्या. तेव्हा खऱ्या रात्री बाहेर शूट करणं जमण्यासारखं नव्हतं. मग रात्रीचे प्रसंग दिवसा काढले आणि फिल्मला निळा रंग दिला. तो रंग नसलेली प्रत पाहिलीत तर उन्हाने मरणारा त्यातला व्हॅम्पायर ऑरलॉक स्वतःची शवपेटी काखोटीला मारून लख्ख उजेडात चाललेला दिसतो. नियम सोयीचा होता म्हणे!

आणि मारामारी. दोन मिनिटांची हाणामारी नीट बसवायची तर तालमी लागतात, प्रत्येक फटका वेगळ्या कोनातून घ्यावा लागतो, त्यात दिवस जातात. दिवस नसले की काय करतात? कॅमेरा गदागदा हलवतात, अर्ध्या सेकंदाला कट, वर ढोल बडवतात. कोण कोणाला मारतंय ते एडिटरलाही ठाऊक नसतं. स्वस्त व्हॅम्पायर सिनेमांपैकी बरेचसे इथेच आपटतात आणि आपण 'बजेट कमी होतं ना' म्हणून ग्रेस मार्क देतो.

अर्धी_चावी

तुम्ही दोघं बजेटवरून भांडताय, पण मुळात 'स्टेक लँड'मधले हे व्हॅम्पायर आहेत का? बोलत नाहीत, विचार करत नाहीत, गुरगुरत अंगावर येतात. हे दात लावलेले झॉम्बी, म्हणजे चालती प्रेतं.

या सगळ्या प्रकाराची आजी म्हणजे रिचर्ड मॅथेसनची कादंबरी 'आय ॲम लेजंड', १९५४. त्यात नेव्हिल एकटा उरलाय. दिवसा खुंट्या घेऊन शिकारीला जातो, रात्री दार बंद करून बसतो. आणि बाहेर त्याचा जुना शेजारी कॉर्टमन उभा राहून हाका मारतो: बाहेर ये, नेव्हिल. रोज रात्री. ओळखीच्या माणसाने तुमच्या नावाने हाक मारायची आणि तुम्ही ती ऐकत घरात बसून राहायचं. तिच्यावरूनच काढलेल्या १९६४ च्या 'द लास्ट मॅन ऑन अर्थ'मध्ये नायक झालेल्या व्हिन्सेंट प्राइसच्या दाराबाहेरही तीच हाक आहे. सिनेमा किरकोळ पैशात रोममध्ये काढलेला, हल्ले करणारे अक्षरशः अडखळत चालतात, ॲक्शन म्हणाल तर शून्य. तरी ती हाक डोक्यातून जात नाही.

दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोने १९६८ मध्ये 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा झॉम्बीपट काढला तेव्हा याच कादंबरीवरून कल्पना घेतल्याचं त्याने स्वतः सांगितलंय. म्हणजे व्हॅम्पायरातून झॉम्बी जन्मला आणि आता झॉम्बी परत व्हॅम्पायरचे कपडे घालून येतोय. मधल्या मध्ये हाक हरवली.

पडद्यामागे

हाक का हरवली ते सांगतो. नकली सुळे घालून एक वाक्य बोलून बघा. 'स'चा 'श' होतो, लाळ गळते, भीतीऐवजी हशा पिकतो. चांगले सुळे नटाच्या दाताचा साचा घेऊन बनवतात, आणि असे वीस नटांचे साचे करायला पैसे नसतात. मग दिग्दर्शक म्हणतो, गुरगुरा.

गणिती_किडा

माझी अडचण वेगळीच आहे. चावलेला प्रत्येक जण व्हॅम्पायर होणार आणि प्रत्येक जण महिन्याला फक्त एकालाच चावणार, असं धरा. महिन्याला संख्या दुप्पट. एकापासून सुरुवात केली तर तेहेतिसाव्या महिन्यात साडेआठ अब्जांच्या वर. म्हणजे पावणेतीन वर्षांत सगळी माणसं संपली, आणि त्यानंतर व्हॅम्पायर उपाशी. 'अनेक वर्षांनंतर...' अशी पाटी दाखवणाऱ्या सिनेमांनी आधी हे उत्तर द्यावं की इतकी वर्षं हे खातायत काय?

जाता जाता: साठवलेलं पेट्रोल वर्षभरातच खराब व्हायला लागतं. गाडी धूळ झटकून एका किल्लीत सुरू झाली की मी तिथेच उठतो.

जागता_पहारा

गणिती, तुझ्यासोबत सिनेमा पाहणाऱ्याची कीव येते. पण उपाशी व्हॅम्पायरचा मुद्दा भारी आहे. 'डेब्रेकर्स' (२००९) त्यावरच उभा आहे: सगळे व्हॅम्पायर झालेत, माणसं संपत आलीत, रक्ताचा तुटवडा. तो काही गरीब सिनेमा नव्हे, त्यामुळे इथे धरत नाही.

अर्धी_चावी, हाकेचं पटलं. वाद नाही. माझ्या बाजूने उलट तो पुरावाच आहे. हाकेला लागतो एक नट आणि एक बंद दार.

पडद्यामागे, तुमच्याशी मात्र भांडण चालू. 'मॅड मॅक्स' (१९७९) जेमतेम चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरात झाला. त्यातली ॲक्शन आजही कोणाला खोटी वाटत नाही. तेव्हा पैसे नाहीत म्हणून ॲक्शन नाही, हे मला मान्य नाही.

आणि 'स्टेक लँड'मधलं ते दृश्य विसरलात? कुंपण घातलेली वस्ती, लोक नाचतायत, कितीतरी दिवसांनी कोणी हसतंय. व्हॅम्पायर ही देवाने धाडलेली शिक्षा मानणारी एक टोळी हेलिकॉप्टरमधून व्हॅम्पायरांना वस्तीत टाकते. वरून. जिवंत. कुंपणाचा उपयोग शून्य. ही कल्पना पैशाने येत नाही.

पडद्यामागे

म्हणजे कमी बजेटच्या बाजूने तुमचा हुकमी एक्का काय, तर *हेलिकॉप्टर*. बरं.

'मॅड मॅक्स'ची ॲक्शन भर उन्हात, मोकळ्या हायवेवर, खऱ्या गाड्या खऱ्या वेगाने पळवून काढलेली आहे. त्यात एकही व्हॅम्पायर नाही. त्यांना सूर्यास्ताची वाट बघावी लागली असती तर काय झालं असतं ते बोला.

कल्पना चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण त्याच सिनेमातल्या बाकीच्या झटापटी आठवतात का? मला खुंटी आणि अंधार आठवतो. जे दाखवता आलं नाही ते मार्टिन मागून आवाजात सांगत राहतो. एक करा, कुठलीही रात्रीची मारामारी आवाज बंद करून पाहा. कोण कुठे उभा आहे, कोणी कोणाला पाडलं, हे कळलं तर तुमचं खरं.

अर्धी_चावी

+१. ही चाचणी महागड्या सिनेमांनाही लावा, निम्मे नापास होतील.

जागता_पहारा

लावली. तीन मारामाऱ्या आवाज बंद करून पाहिल्या. दोन्हींत कोण कोणावर पडलं ते कळलं नाही, एकीत तर मिस्टर कुठे गेला तेच सापडेना, मागे जाऊन पुन्हा पाहावं लागलं. हेलिकॉप्टरवालं दृश्य मात्र पहिल्या फटक्यात कळलं.

मार्टिनचं निवेदनही बंद झालं होतं. ते गेल्यावर दिवसाचे रस्ते आणखी रिकामे वाटले, हे मात्र तुम्हाला सांगणार नव्हतो.

गणिती_किडा

तीनपैकी तीन का दोन? 'दोन्हींत' आणि 'एकीत तर' मिळून हिशोब लागत नाहीये.