बाप्पा टी-शर्टवर हवा का? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

अमोल, बी-३०४ (उत्सव समिती): यंदाच्या कार्यकर्त्यांच्या टी-शर्टचं डिझाइन टाकलंय. छातीवर मोठा बाप्पा, पाठीवर सोसायटीचं नाव. साइज पटापट कळवा.

देशपांडे आजोबा, ए-१०१: चित्र सुरेख आहे. पण मिरवणुकीत घामाने चिंब, दुसऱ्या दिवशी मशिनमध्ये आणि वर्षभराने फडकं. बाप्पाचं हे पटतं का तुम्हाला?

सायली, सी-२०२: आजोबांना माझा पाठिंबा. गेल्या वर्षीच्या टी-शर्टने पार्किंगमध्ये गाडी पुसताना पाहिलंय. नाव घेत नाही.

निखिल, बी-५०१: मग अर्बन आउटफिटर्सने काय घोडं मारलं होतं? २०१३ मध्ये त्या अमेरिकन कंपनीने गणपतीचे मोजे काढले, हिंदूंनी ओरड केली, मोजे विक्रीतून गेले. आपण छापलं की भक्ती, त्यांनी छापलं की अपमान!

कुलकर्णी काकू, ए-३०३: अरे, मोजा पायातच जाणार ना? छाती आणि पाय एकच का?

सायली, सी-२०२: ॲमेझॉनच्या कॅनडातल्या साइटवर तिरंग्याचं पायपुसणं होतं, तेही आठवा. जानेवारी २०१७. सुषमा स्वराज यांनी ट्विटरवर सुनावलं होतं, बिनशर्त माफी मागा, नाहीतर त्यांच्या अधिकाऱ्यांना व्हिसा नाही. पायपुसणं लगेच हटवलं. आणि थोड्याच दिवसांत गांधीजींच्या चित्राच्या चपला सापडल्या.

निखिल, बी-५०१: एवढी मोठी कंपनी, बघायला एक माणूस नाही?

समीर, सी-४०४: मी ऑनलाइन विक्रीतच आहे, म्हणून सांगतो. यातला बराच माल आधी बनलेलाच नसतो. कोणीतरी चित्र अपलोड करतो, सॉफ्टवेअर तेच चित्र कॉफीचा मग, उशी, पायपुसणं, चपला अशा सगळ्यांवर चिकटवून फोटो तयार करतं. ऑर्डर आली तरच छपाई. २०१३ मध्ये ॲमेझॉनवर 'सॉलिड गोल्ड बॉम्ब' नावाच्या विक्रेत्याचे टी-शर्ट होते. 'कीप काम' (Keep Calm, म्हणजे शांत राहा) या शब्दांपुढे संगणक यादीतले शब्द जोडत गेला आणि चक्क बलात्कार करा म्हणणारं वाक्य तयार झालं. काही महिन्यांत धंदा गुंडाळला.

देशपांडे आजोबा, ए-१०१: म्हणजे खापर संगणकावर. सोय झाली.

समीर, सी-४०४: एच अँड एमला तीही सोय नव्हती, आजोबा. जानेवारी २०१८. हिरव्या हुडीवर 'जंगलातलं सर्वात कूल माकड' असं इंग्रजीत, आणि घातलेला मुलगा कृष्णवर्णीय. मजकूर कोणीतरी लिहिला, कोणी मंजूर केला, कपडा शिवला, मुलाला घालून फोटो काढला, साइटवर चढवला. एवढ्या हातांतून गेलं, कोणालाही खटकलं नाही? दक्षिण आफ्रिकेत त्यांच्या दुकानांची तोडफोड झाली.

कुलकर्णी काकू, ए-३०३: बाई गं! त्या लेकराला काय कळत असेल?

अमोल, बी-३०४: झाराची हँडबॅग पण होती ना, स्वस्तिकवाली?

समीर, सी-४०४: २००७. बॅग भारतातल्या पुरवठादाराने बनवलेली. झाराचं म्हणणं, मंजूर नमुन्यात स्वस्तिक नव्हतंच. भरतकाम करणाऱ्याने शुभ म्हणून काढलं असेल, हा माझा अंदाज. युरोपात ते हिटलरचं चिन्ह. बॅगा परत घ्याव्या लागल्या. याला मी निदान माफ करीन. पण २०१४ मध्ये त्यांनीच लहान मुलांचा पट्ट्यांचा शर्ट काढला, छातीवर सहा टोकांचा पिवळा तारा. म्हणे शेरीफचा, म्हणजे अमेरिकन पोलीस अधिकाऱ्याचा बिल्ला! नाझी छळछावणीतल्या ज्यू कैद्यांचा फोटो पाहिलेल्या कोणालाही आधी काय आठवेल?

सेक्रेटरी, ए-२०१: ग्रुप सूचनांसाठी आहे, कृपया लक्षात ठेवा.

सेक्रेटरी, ए-२०१: बाकी, लॉरेन्स बिश्नोईचे टी-शर्ट मीशोवर होते ते विसरलात का? नोव्हेंबर २०२४. लहान मुलांच्या मापातसुद्धा. दाऊदचेही टी-शर्ट इतर साइटवर विकले जात होते. महाराष्ट्र सायबरने गुन्हा नोंदवला होता.

निखिल, बी-५०१: सेक्रेटरीसाहेब, सूचना फार मोठी झाली :)

सायली, सी-२०२: गंमत बाजूला. गुंडाचा चेहरा चुकून छापला जात नाही. तो खपतो म्हणून छापतात. आमच्या सातवीतल्या चिरंजीवांनाही तसला हवा होता.

अमोल, बी-३०४: मंडळी, आपलं काय ठरलं? छातीवर फक्त मंडळाचं नाव आणि वर्ष, बाप्पा कापडी बॅनरवर. चालेल?

देशपांडे आजोबा, ए-१०१: चालेल. माझा एक्सएल.

कुलकर्णी काकू, ए-३०३: आणि प्रूफ छापायच्या आधी ग्रुपवर टाक रे. गेल्या वेळी 'कार्यकर्ता'तला रफार पळाला होता, शंभर टी-शर्ट झाल्यावर कळलं.

अमोल, बी-३०४: टाकतो काकू. उद्या दुपारपर्यंत.