मदत हवी आहे: केरकर आडनाव, तीन केरी आणि कागदावरचं 'पोरोबो'

गिरगावकरीण

नमस्कार मंडळी,

गिरगावातली आमची जुनी खोली या मार्चमध्ये पुनर्विकासासाठी रिकामी केली. मी लग्नानंतर डोंबिवलीला आले त्याला तीस वर्षं झाली, पण खोली आवरायला मीच गेले होते. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचे कागद निघाले. त्यात एक जाड, पिवळा पडलेला पोर्तुगीज भाषेतला कागद आहे. आजोबांचं नाव आणि १९१९ हे साल वाचता येतं, त्यावरून तो जन्माचा दाखला असावा असं आम्ही धरलंय.

आमचं आडनाव केरकर. देवनागरीत ते आजोबांपासून माझ्या भाच्यापर्यंत एकदाही बदललं नाही. रोमन लिपीत मात्र एका घराची तीन घरं झाली आहेत. या कागदावर क्यू-यू-ई-आर-सी-ए-आर आहे. बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर के-ई-आर-के-ए-आर. थोरल्या काकांनी क्यू-यू-ई-आर-के-ए-आर असं लावलं, तेच त्यांच्या मुलांकडे चालत आलं. एक चुलत आजोबा लोरेन्सू मार्किशला, म्हणजे आजच्या मापुतोला, दुकानात नोकरीला गेले होते. त्यांची नातवंडं आता लिस्बनला असतात आणि दाखल्यावरचंच जुनं स्पेलिंग लावतात.

इतकी वर्षं याचं कुणाला काही वाटलं नाही. गेल्या वर्षी काकांच्या नातवाचं एक ओळखपत्र आलं. रोमनवरून देवनागरी संगणकानेच करून घेतलं होतं आणि त्यावर छापलं होतं 'क्वेरकर'. माझ्या आत्याने, वय ८४, ते वाचून दाखवायला सांगितलं आणि मग बराच वेळ काही बोललीच नाही. "आपल्या नावाचं हे काय केलं गो यांनी," एवढंच म्हणाली. तेव्हापासून हे सगळं नीट लावून घ्यायचं माझ्या मनाने घेतलंय.

आता जिथे अडलंय ते सांगते.

केरकर म्हणजे केरीचे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण गोव्यात केरी तीन आहेत! एक पेडण्यात, तेरेखोलच्या समोर समुद्राकाठी. दुसरं सत्तरीत, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. तिसरं फोंडा तालुक्यात. आमची कुठली? दोन वर्षांपूर्वी आम्ही पेडण्यातल्या केरीला जाऊन दिवसभर विचारत फिरलो. माणसं फार आपुलकीने बोलली, चहा-भाकरी झाली, पण भेटलेल्यांत केरकर एकही नाही. रिकाम्या हाताने परत आलो.

दुसरी अडचण कागदावरच्या एका शब्दाची. आजोबांचं नाव आणि आडनाव यांच्या मधे पी-ओ-आर-ओ-बी-ओ असं लिहिलंय. पोरोबो? मधलं नाव म्हणजे वडिलांचं, असं म्हणावं तर पणजोबांचं नाव वेगळं होतं, तेही कागदात खाली स्वच्छ आलेलं आहे. त्यांच्याही नावापुढे हाच शब्द आहे. कोणा ख्रिस्ती माणसाचं नाव चुकून घुसलं असेल का, अशी शंका बाबांना येते.

आणि तिसरं, यातलं कुठलं स्पेलिंग 'बरोबर' धरायचं? पुढच्या पिढीची कागदपत्रं आत्ताच एकसारखी करून टाकावीत असं मला वाटतं. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा. आत्या आहे तोवर तिला काहीतरी ठोस सांगता यावं, एवढीच इच्छा आहे. तिला कुलदेवतेबद्दल विचारलं तर ती फक्त "केरीची विजया" असं म्हणते, त्यापुढे तिला आठवत नाही.

प्रतिसाद: जुनीलिपी

तुमच्या कागदावर चूक काही नाही, उलट तेच स्पेलिंग सगळ्यांत नियमाला धरून आहे.

पोर्तुगीजांच्या वर्णमालेत 'के' हे अक्षर चालत नव्हतं. १९११ च्या त्यांच्या लेखनसुधारणेत तर ते रीतसर काढूनच टाकलं. 'क' साठी सी वापरायचा. पण सीच्या पुढे ई किंवा आय आला की उच्चार 'स' होतो. म्हणून 'के' आणि 'कि' लिहिताना क्यू-यू, आणि त्यातला यू मुका. केपे, केळशी या गावांची जुनी स्पेलिंगं पाहा, दोन्ही क्यूनेच सुरू होतात. आता तुमचं नाव घ्या. पहिल्या 'क'ला मात्रा आहे म्हणून क्यू-यू, दुसऱ्या 'क'ला नाही म्हणून सी. त्या लेखनिकाने 'केरकर' हेच ऐकलं आणि 'केरकर' हेच लिहिलं. तुमच्या काकांचं स्पेलिंग तेवढं मधल्यामध्ये लोंबकळतंय. मुंबईत कुणीतरी शेवटचं 'कर' ओळखीचं म्हणून इंग्रजी वळणाने सुधारलं आणि पुढचा अर्धा भाग तसाच ठेवला.

गोव्याच्या आडनावांचं असं पुष्कळ आहे. 'श'ला एक्स, म्हणून शिरोडकर एक्सने सुरू होणारे सापडतात. सरदेसायांच्या नावात दोन एस दिसतात, कारण दोन स्वरांमधला एकटा एस पोर्तुगीजमध्ये 'झ' होतो. दोन नसते तर ते 'सरदेझाय' झाले असते. कामतांच्या जुन्या स्पेलिंगच्या शेवटी एम दिसतो तो नाकातल्या उच्चारासाठी, जसा पेडणें, केरीं या गावांच्या शेवटी असतो तसा. तेच कामत खाली मंगळुरात गेले आणि टी-एच घेऊन बसले, कारण दक्षिणेत 'त' तसाच लिहितात. माणूस तोच, बोलायला तेच आडनाव, फक्त ते लिहून घेणारा बदलला. आपल्याकडे शिंद्यांचं ग्वाल्हेरला 'सिंदिया' झालं ते याच वाटेने.

आता पोरोबो. ख्रिस्ती वगैरे काही नाही. कोकणीत 'अ' ओठ गोल करून म्हणतात, तो पोर्तुगीज कानाला 'ओ' ऐकू येतो. 'पोरोबो'तले ओ काढून वाचा. 'परब'. आणि गोव्यात 'प्रभू' चंही बोलण्यात परब होतं, प्रभुदेसायांच्या जुन्या कागदांवर हाच शब्द आहे. पणजोबांच्या नावापुढेही तो आहे म्हणता, म्हणजे ते मधलं नाव नाहीच. ते तुमचं आडनाव आहे. परब की प्रभू हे मात्र नुसत्या या कागदावरून ठरवू नका.

प्रतिसाद: फोंड्याचा पाऊस

वरच्या प्रतिसादाला जोडून लिहितो. मी फोंड्याचाच.

केरीत केरकर शोधायला गेलात तिथेच वाट चुकली. 'कर' हे गाव सोडल्यावर लागतं. गावात राहणाऱ्याला कुणी गावाच्या नावाने हाक मारत नाही. तिथे तो नाईक, गांवकर, प्रभू, शेट, गावडे असतो. दुसऱ्या गावी गेला की तिथली माणसं विचारतात, कुठला रे तू? आणि उत्तराचं आडनाव होतं. तुमचं इथलं नावच बघा ना. गिरगावात होतात तोवर तुम्हाला गिरगावकरीण म्हणायचं कुणाला सुचलं असतं का? डोंबिवलीला गेल्यावर झालात. (नियमाला अपवाद असतात हेही सांगतो. सत्तरीच्या केरीत आजही केरकर आहेत.)

आमच्या भागातली मोठी नावं आठवा. दीनानाथांचं घराणं हर्डीकरांचं, मंगेशीच्या देवळातलं. ते मंगेशकर झाले ते नाटकाच्या निमित्ताने बाहेर पडल्यावर. गायिका केसरबाई १८९२ साली फोंड्याच्याच केरीत जन्मल्या आणि मुंबईने त्यांना केरकर म्हणून ओळखलं. १९७७ साली व्हॉयेजर यानातून त्यांचा आवाज अंतराळात गेला, त्यातल्या गाण्यांच्या यादीतही आडनावातून आमच्या त्या लहानशा गावाचं नाव आहे. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी तर साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरतं तेव्हा देवळाचे दगड वर येतात आणि जुने गांवकर तिथे जमतात. बाकी वर्षभर ते गाव आडनावातच असतं. हे लिहितानासुद्धा माझ्या अंगावर काटा येतो.

आता तुमच्या आत्याबाईंची "केरीची विजया". ती फोंडा तालुक्यातल्या केरीची श्री विजयादुर्गा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी मुरगावकडच्या बाजूची देवळं मोडली तेव्हा ही देवी सांकवाळहून नदीपलीकडे केरीला आणली. तेव्हा ही बाजू त्यांच्या ताब्यात नव्हती. सांकवाळचाच लक्ष्मीनृसिंह असाच वेलिंगला आला. म्हणजे तुमचे पूर्वज देवीबरोबर सांकवाळहून आले असण्याची शक्यताही मनात ठेवा. तसं असेल तर केरी हा त्यांचा आधीचा मुक्काम आणि सांकवाळ त्याच्याही आधीचा.

पण कुलदेवता केरीला आहे म्हणून घर केरीला होतं असं होत नाही, हेही तितकंच खरं. त्यासाठी कागद हवा. तो मिळण्याची दोन ठिकाणं सांगतो. जन्म, लग्न, मृत्यूची जुनी पोर्तुगीज पुस्तकं पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहेत. हातातल्या दाखल्यावरचा क्रमांक आणि साल घेऊन जा. दुसरं म्हणजे देवस्थान. १८८६ साली पोर्तुगीज सरकारने देवस्थानांसाठी नियम केले, त्याप्रमाणे प्रत्येक देवस्थानाच्या महाजनांची, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत हक्कदारांची, यादी ठेवलेली असते. त्या यादीत केरकर शोधू नका. पोरोबो शोधा.

प्रतिसाद: कज्जेदलाली

तिसऱ्या प्रश्नापुरतं लिहिते, मी वकिली करते. सगळ्यांची स्पेलिंगं एकसारखी करण्याच्या भानगडीत पडू नका. शाळेच्या दाखल्यापासून पॅन, बँक, घराचे कागद असं सगळं बदलावं लागतं आणि एक जरी मागे राहिलं तरी नवा घोळ. ज्याचं जे आहे ते राहू द्या. दोन कागद जुळत नसतील तिथे 'ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र पुरतं. खरंच बदलायचं असेल तर महाराष्ट्रात राजपत्रात प्रसिद्धी, आणि गोव्यात १९९० चा नाव-आडनाव बदलाचा वेगळा कायदा आहे. 'क्वेरकर' मात्र आजच दुरुस्त करून घ्या, ती नुसती छपाईची चूक आहे, अजून एकाच कागदावर आहे.

आजोबांच्या मूळ दाखल्याला कुणालाही हात लावू देऊ नका. लॅमिनेशन तर अजिबात करू नका. लिस्बनच्या नातेवाइकांना आणि तुम्हाला जोडणारा तो एकच धागा आहे.

गिरगावकरीण

तुम्हा तिघांचे कसे आभार मानू! काल रात्री भिंग घेऊन कागद पुन्हा वाचला. गावाच्या नावाच्या ओळीत क्यू-यू-ई-आर-आय-एम आहे, आणि त्याच्या पुढच्या शब्दावर शिक्का आल्यामुळे आम्ही तो सोडूनच दिला होता. आता अक्षरं लागली: पी-ओ-एन-डी-ए. फोंडा! पेडणं नाही, सत्तरी नाही. आमचं केरी फोंड्याचं.

आत्याला सकाळी फोन केला. फोंडा म्हटल्यावर ती "हो, तिथलंच" असं काही म्हणाली नाही, आणि मी तिच्या तोंडी शब्द घालणार नाही. पण 'परब' म्हणताच तिला एक गोष्ट आठवली. तिच्या लहानपणी गावाहून कुणी म्हातारे गृहस्थ यायचे. ते दारातून आजोबांना "परबानु" अशी हाक मारायचे आणि आजोबा "ओ" द्यायचे. तिला वाटायचं ते त्यांचं लाडाचं नाव. ऐंशी वर्षं ती तसंच समजत होती. फोनवर ती रडली, मग मीही.

त्या आजोबांनीच मुंबईत येऊन सही केली ती मात्र केरकर अशी, मराठीत, ठसठशीत. परब त्यांच्यापाशी राहिलं आणि आमच्यापर्यंत आलं नाही. म्हणून आता केरकर बदलून परब किंवा प्रभू लावायचा विचार माझ्या मनात नाही. आजोबा कुठून निघाले ते केरकर या नावात आहे, तेही मला तितकंच प्यारं आहे. फक्त आमच्या वंशावळीच्या वहीत पणजोबांच्या पुढे हा शब्द लिहायचा आहे आणि तो बरोबर लिहायचा आहे.

क्वेरकरची दुरुस्ती भाच्याने कालच टाकली.

आता शेवटची मदत. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही केरीला जाणार आहोत, आत्यालाही न्यायचा विचार आहे. विजयादुर्गेच्या महाजनांची यादी कुणी प्रत्यक्ष पाहिली आहे का? ती पाहायला आधी देवस्थान समितीला पत्र द्यावं लागतं की फोंड्याला मामलेदार कचेरीत जावं लागतं? यादी पोर्तुगीजमध्ये आहे की मराठीत? मोडीत असेल तर मला वाचता येत नाही, फोंड्यात किंवा पणजीत कुणी मोडी वाचून देणारं असेल तर कृपया व्यक्तिगत निरोपात कळवा. आणि आत्याला गुडघ्यांमुळे पायऱ्या चढता येत नाहीत. देवळापर्यंत गाडी जाते का, एवढं फोंड्याचा पाऊस यांनी सांगितलं तर फार उपकार होतील.